किनाऱ्याबद्दलचं एक वाक्य

लखनऊला समुद्र नाही, पण मासळीवर काम करणारी एक संस्था आहे. त्या संस्थेतल्या नोकरीसाठी मी सिंधुदुर्गातून इथे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा बँकेत, त्यानेही बदली मागून घेतली आणि महानगर नावाच्या वस्तीत आम्ही वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. माझं काम नद्यांमधल्या माशांचं. घरात मी मालवणी बोलायचे, नवरा पुणेरी, आणि लेक दोघांनाही हिंदीत उत्तर द्यायची. समुद्राशी संबंध उरला तो दादाच्या फोनपुरता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गावच्या रापणीत होता. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्धगोल सोडायचं आणि मग दोन्ही टोकांना गावातली माणसं लागून ते वाळूवर ओढून आणायचं. त्याला इंजिन लागत नाही, बर्फ लागत नाही, लागतो तो फक्त मोकळा, सलग किनारा. मी त्याच रापणीतून घरी येणाऱ्या वाट्यावर शिकले.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. देशाच्या सागरी अर्थव्यवस्थेसाठी एक राष्ट्रीय धोरण करायचं ठरलं. बंदरं, पर्यटन, वाऱ्यापासून वीज, समुद्राच्या तळातली खनिजं, मासेमारी, सगळं एकत्र आणि समुद्राला धक्का न लावता वाढवायचं, असा त्याचा हेतू. किनारी मासेमारीच्या प्रकरणासाठी आमच्या संचालकांनी माझं नाव कळवलं. “आप तो समुंदर वाली हैं,” एवढंच ते म्हणाले. मला खरंच आनंद झाला. आपण शिकलो त्याचं चीज झालं, असं वाटलं. संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की गावच्या किनाऱ्यावर माणसं येऊन खुणा करून गेलीत. पर्यटकांच्या बोटींसाठी जेटी होणार आहे, बरोबर रापण ओढतात त्या जागेत.

“बाय, जेटी झाली तर आमी रापण खंय ओढूची?” त्याने विचारलं. “तू थंय लिवतंस मगे? आमचां एक वाक्य घाल.”

ते मी घातलं. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर आणि वाळूवर तिथल्या पारंपरिक मच्छीमारांचा पहिला हक्क राहील, आणि त्यांच्या संमतीशिवाय तिथे दुसरं काही उभं राहणार नाही. वाक्य साधं होतं. त्याच्या आधारासाठी मी कितीतरी वाचलं, संशोधकांना लिहिलं, दुसऱ्या किनाऱ्यांवरची उदाहरणं जोडली. आपल्या भावासाठी लिहिलंय असं कुणाला वाटू नये म्हणून जास्तच काळजी घेतली.

बैठक दिल्लीत होती. अमौसी विमानतळावरून पहाटेचं विमान धरून मी गेले. टेबलाभोवती वेगवेगळ्या खात्यांची माणसं होती आणि त्यांच्यात वाईट माणूस एकही नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पर्यटनवाले गावातल्या तरुणांना काम मिळावं म्हणून बोलत होते. बंदरवाले मालवाहतूक रस्त्यावरून समुद्रात नेली तर धूर किती कमी होईल ते सांगत होते. माझं वाक्य आलं तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं.

“मॅडम, एक का हक पहला लिखेंगे तो बाकी सब पूछेंगे, हम दूसरे नंबर पर हैं क्या?” ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

मी म्हटलं, बाकीच्यांना जागा बदलता येते, रापणीला येत नाही. त्यांनी मान डोलावली, मुद्दा महत्त्वाचा आहे असं म्हणाले आणि भाषा थोडी सर्वसमावेशक करू असं सुचवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ‘पहिला हक्क’ जाऊन ‘प्राधान्याने विचार’ आला. पुढच्या मसुद्यात ‘शक्य तिथे’ आलं. शेवटच्या मसुद्यात सर्व संबंधितांच्या गरजांचा समतोल साधण्याबद्दल एक ओळ होती. ती माझ्याच वाक्यातून निघालेली होती हे माझ्याशिवाय कुणाला ओळखता आलं नसतं. मी दर वेळी हरकत कळवली. दर वेळी आभाराचं उत्तर आलं.

दरम्यान गावात ग्रामसभा झाली. गावाने जेटी नको म्हणून सांगितलं, आणि ते ऐकून घेतलं गेलं. खुणांच्या जागी खांब आले.

तेव्हा दादा लखनऊला आला. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लांब. पिशवीत वहिनीने दिलेली सुकट होती. तिच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या आणि नाकाला पदर लावून काय मेलंय म्हणून विचारून गेल्या. दादा ओशाळला. त्याने ती पिशवी गच्चीवर नेऊन ठेवली आणि मला म्हणाला की तुझ्या साहेबांना एकदा भेटव. माझ्या बोलण्यात काही कमी पडलं असेल तर तो स्वतः सांगेल.

मी त्याला संस्थेत नेलं. संचालकांनी त्याला समोर बसवलं, चहा मागवला, रापण कशी ओढतात ते रस घेऊन विचारलं. दादा मोडक्या हिंदीत सांगत राहिला. मग संचालकांनी समजावलं की हे धोरण म्हणजे कायदा नव्हे, दिशा आहे. जेटी राज्याच्या हातात आहे. मी मध्ये म्हटलं की राज्यातले अधिकारी केंद्राच्या धोरणाकडे बोट दाखवतात. “हाँ, वो भी सही है,” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. त्यांनी एका परिचितांना फोन लावून पाहिला. समोरच्याने पत्र पाठवायला सांगितलं. अशी पत्रं दादाने पाठवून झाली होती.

बाहेर आल्यावर दादा झाडाखाली थांबला. मला वाटलं चिडेल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“माणूस बरो आसा,” तो म्हणाला. “तेच्या हातात काय नाय.” आणि थोड्या वेळाने, “तुझ्याय हातात नाय गो. माका वाटलां होतां.”

तो आणखी दोन दिवस राहिला. लेकीने त्याला इमामबाडा दाखवला, चौकातली कुल्फी खाऊ घातली. ती हिंदीत बोलायची, तो मालवणीत, आणि दोघांचं छान जमलं. मी ऑफिसला जात होते. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा आम्ही गाडीच्या वेळेबद्दल आणि पाण्याच्या बाटलीबद्दलच बोललो.

जेटी झाली. रापणीची माणसं काही महिने शेजारच्या गावच्या वाळूवर गेली, पण ती त्या गावाची रापण ओढायची जागा होती. तिथे भांडणं झाली आणि जाणं बंद झालं. काही जण मोठ्या ट्रॉलरवर कामाला लागले, काही गोव्याला गेले. जाळं वाटून घेण्याचं ठरलं तेव्हा दादाने आपला वाटा मागितला नाही. धोरणावर लखनऊत एक परिसंवाद झाला. त्यात मला बोलायला सांगितलं होतं. मी रापणीबद्दल बोलले. टाळ्या वाजल्या. नंतर एका प्राध्यापकांनी येऊन सांगितलं की फार हृदयस्पर्शी होतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. दादा तोवर पर्यटकांच्या बोटीवर चालक झाला होता. अंगावर नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी. त्याने आम्हाला हट्टाने बोटीत बसवलं, लेकीचे पट्टे स्वतः आवळले, माझेही. बोटीत उत्तर प्रदेशातलंच एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, “भैया, यहाँ मछली होती है?”

“होती है ना,” दादा म्हणाला. कोणत्या महिन्यात बांगडा येतो, तारली कधी, पाण्याचा रंग कसा पालटतो ते तो त्यांना सांगू लागला. त्याचं हिंदी आता बरंच सुधारलं होतं. ती माणसं मन लावून ऐकत होती. मी किनाऱ्याकडे पाठ करून बसले होते. त्याला वाटलं मला बोट लागतेय. त्याने इंजिन हळू केलं आणि लांब, समोर कुठेतरी नजर ठेव म्हणून सांगितलं.