वेचणीला निघालेली मिरवणूक

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षं. दिग्रसजवळच्या आमच्या गावात देवळासमोरच्या मोठ्या रस्त्यानं बौद्ध वस्तीची मिरवणूक जात नसे. लेखी मनाई नव्हती. पाटील नाही म्हणत, तेवढं पुरत होतं. त्या दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, वस्तीतले पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून परवानगी आणायला दिग्रसच्या तहसीलात गेले.

त्याच सकाळी पाटलीणबाई वस्तीत आल्या. आभाळ भरून आलं होतं आणि त्यांचा कापूस फुटून झाडावर लोंबत होता.

"आजच्या दिवस चला वं बायांनो. पाणी आलं त सारा मातीत जाईन."

वेचणाऱ्या बायांची म्होरकी माझी आत्या. ती म्हणाली, "येतो ना. पण मोठ्या रस्त्यानं येऊ. अन् बुद्धाले घेऊन येऊ."

पाटलीणबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "या," म्हणाल्या. "पण लवकर या."

आम्ही पांढरी पातळं नेसलो, कमरेला वेचणीच्या झोळ्या बांधल्या. मूर्ती आत्याच्या डोक्यावर, टोपल्यात. देवळासमोर बंदोबस्ताचा हवालदार आडवा आला.

"मिरवणूक बंद!"

"मिरवणूक कुठं साहेब? वेचाले चाललो."

"मग ही गाणी?"

"वेचाले जातानी रडत जाव काय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू शेवटच्या बाईपर्यंत गेलं. समोरच्या आपल्या घराच्या ओट्यावरून पाटील उठले. ते तोंड उघडणार तोच शेजारून पाटलीणबाई कडाडल्या, "काहून अडवून राह्यले हो? माह्या वावरात चालल्या त्या! कापूस तुमी वेचता काय?"

प्रश्न हवालदाराला होता. खाली बसले ते पाटील.

रोज पायाखालचाच रस्ता, पण त्या दिवशी आम्ही तो गात, ठेचकाळत, एकमेकींना ढकलत पार केला. एक म्हातारी इतकी नाचली की तिची झोळी सुटून पायात आली. मग मूर्ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ठेवून सगळ्या वेचायला वाकलो. पाऊस आलाच नाही.

पुरुष सांजच्या बसनं परतले. दसऱ्याची सुट्टी, तहसीलला कुलूप होतं.

पुढे पेपरात बातमी आली: शिष्टमंडळाच्या प्रयत्नांना यश, मिरवणूक शांततेत. सोबत इस्त्रीच्या शर्टांचा फोटो. मी ती बायांना मोठ्यानं वाचून दाखवली. बायांबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"पुढच्या दसऱ्यालेही या माणसाईले तहसीलातच धाडा," ती म्हणाली. "रस्ता मोकळा राह्यते."