जांभळीला टांगलेले फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी माझ्या सख्ख्या आत्याची मुलाखत घेतली आणि अख्खा वेळ तिला ओळख दाखवली नाही.

लोणावळ्यात राहून मी एका संशोधन संस्थेसाठी गावोगाव फिरतो. माणसं स्वतःविषयी काय सांगतात, घरातला फोन कुणाच्या हातात असतो, मोर्चाला कोण जातं, असले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टॅबमध्ये भरायची. नोकरीला लागलो तेव्हा पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हणालो, "लोणावळा." वडिवळ्याची आमची बौद्धवस्ती तिथंच गाळली. मॅडम काही वाईट वागल्या असत्या असं नाही, त्या तर कुणाच्याही डब्यात हात घालणाऱ्या. पण न सांगण्याची सवय शाळेपासूनची. चांगली माणसं भेटली म्हणून ती सुटत नाही.

आणि एक दिवस मॅडम म्हणाल्या, "उद्या वडिवळे. मीही येते."

आमच्या वस्तीत रेंज येत नाही. येते ती चढावरच्या एका जांभळीखाली. म्हणून घरोघरचे फोन सकाळीच पिशव्यांत घालून तिच्या फांद्यांना टांगतात. कुणाची धून कुठली ते सगळ्यांना पाठ. वाजला की जी जवळ असेल तिनं उचलायचा आणि खाली हाळी द्यायची, "तुज्या लेकीला पोरगी झाली गंऽऽ!" घराच्या आधी वस्तीला बातमी. खासगी असं काही उरतच नाही. रेंज वस्तीपर्यंत यावी म्हणून बायकांना घेऊन वडगावला कचेरीसमोर बसते ती वस्तीतच दिलेली माझी आत्या. आईच्या आजारपणात मला वाढवलं ते तिनंच.

जांभळीखाली ती बायकांच्या घोळक्यात बसली होती. मला बघून उठायला लागली, आणि मी घाईघाईनं हात जोडले. "नमस्कार मावशी. आम्ही लोणावळ्याहून आलोय."

आत्या उठता उठता परत बसली. एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मावशी व्हय? बरं. बसा सायेब. भुईवर चालंल न्हवं, का खुर्ची आनू?"

तिच्या जावेनं तोंडाला पदर लावला. "सायबाला चा बिनसाखरेचा लागत आसंल," ती म्हणाली. लहानपणी मी तिच्या डब्यातली साखर चोरून खायचो.

मी प्रश्न सुरू केले. तुम्ही कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगता?

"बौद्ध हाय म्हनून सांगते. वडिवळ्याची. त्यात लपवायचं काय?" आत्या टॅबकडं बघत म्हणाली. "लिवलं का, सायेब?"

"लिहिलं."

"घरी कोण कोण?" हे मॅडमनी विचारलं.

"ल्योक आंबीला कंपनीत. आन् एक भाचा. लय शिकलेला. दर रविवारी फोन करतो."

"अरे वा! मग त्यालाच लावा ना. इथून फोन कसा लागतो ते बघू या."

आत्यानं फांदीवरची पिशवी काढली. तिच्या फोनमध्ये पहिला नंबर माझा. मी खिशात हात घातला, पण आवाज बंद करायचं बटण काही सापडेना. पिशव्यांखाली उभा राहून मला एवढंच कळत होतं, की आता वाजणार. मांडीला फोनची पहिली थरथर जाणवली आणि त्याच क्षणी आत्यानं अंगठ्यानं फोन कट केला.

"न्हाई उचलत," ती मॅडमना म्हणाली. "कामात आसंल."

"भाचे असेच," मॅडम हसल्या. बायकाही हसल्या. ज्या झाडाखाली कुणाची गोष्ट लपत नाही, तिथं सगळ्या वस्तीनं माझी लपवली.

रविवारी मी फोन केला. उचलला जावेनं. "सायेब का? थांबा हां." मग खाली हाळी, "सायबाचा फोन गंऽऽ!" आत्या चढ चढून धापा टाकत आली. पूर्वी पहिला शब्द 'बाळा' असायचा.

"जेवला का, सायेब?"

त्यात राग नव्हता, तेच कठीण गेलं. मी म्हणालो, "जेवलो." अजून हेच चालू आहे. रविवार येतो, मी साहेब होतो, ती गुडघे धरून चढ चढते.

अहवाल तयार झालाय. तो वस्तीला वाचून दाखवायला मॅडम पुन्हा येणार आहेत, सोबत मी. त्याच जांभळीखाली, मॅडमच्या समोर, तिला आत्या म्हणून हाक मारायची माझ्याकडून राहिली आहे.