शेठजींचं चांदीचं ताट

पासष्टची लढाई लागायच्या आधी जळगावचे बडे शेठलोक चांदीच्या ताटात जेवत, आणि त्यातल्या एका ताटात हात धुतलेलं पाणी मी प्यायलो आहे.

झालं असं. मी बी.ए. झालो. आमच्या पारोळ्याकडच्या अख्ख्या भावकीत पहिला! आबा शेठजींच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायचे. हमालाचा मुलगा पदवीधर झाला म्हणून शेठजींनी आम्हा बापलेकांना बंगल्यावर जेवायला बोलावलं. त्यांच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी होती. म्हणजे जेवण नावाला, परीक्षा खरी!

वाटेत मी आबांना बजावलं, "तिथे मोठी माणसं असतात. मी करीन तसंच करायचं."

"बरं भो," आबा म्हणाले. (टोपी त्यांनी तिसऱ्यांदा सरळ केली.)

बंगल्यात वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायला वेगळा माणूस! आमच्या घरी माणसांवर मारायला पाणी नव्हतं. शेठजी जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत पानं मांडली. ताटं चांदीची, माझ्या ताटात मला माझंच तोंड दिसत होतं, तेही घाबरलेलं.

"मास्तर, एक घेवर!"

"नको शेठजी, पोट भरलं."

"नको कसं? माझ्या हातचा!" असं म्हणून त्यांनी तो थेट माझ्या तोंडातच कोंबला. आबांच्याही. ही त्यांच्याकडची आग्रहाची रीत. आत्ताच मास्तर म्हणतायत, या आशेवर मी घेवर गिळला.

जेवण उरकलं. मी घरच्या सवयीने तांब्यातलं पाणी ओतून ताटातच हात धुतला. आबांनीही धुतला. आणि समोर पाहतो तर काय! शेठजींनी स्वतःच्या ताटात पाणी घातलं, बोटाने कडा पुसून घेतल्या, ताट उचललं आणि घटाघटा पिऊन टाकलं! अन्नाचा कण वाया जायचा नाही, म्हणून.

मग त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

माझ्या पाण्यात आमटी होती, लोणच्याचं तेल होतं आणि माझी पाच बोटं नुकतीच आंघोळ करून गेली होती. पण नोकरी समोर बसली होती! मी डोळे मिटले, ताट उचललं आणि प्यायलो. डोळे उघडले तेव्हा आबांचं ताटही रिकामं होतं, मिशांना डाळ लागली होती.

"वा!" शेठजींनी मांडीवर थाप मारली. "नामदेवभाऊ, पोराला काय वळण लावलंत! मास्तर, सोमवारपासून शाळेत या."

फाटकाबाहेर आल्यावर आबा हळूच म्हणाले, "पोऱ्या, त्या पाणीमा तुन्हा हात धुयेल व्हता ना?"

"हो आबा."

"मन्हा बी."

"अहो, मग तुम्ही कशाला प्यायलात?"

"तूच सांगं व्हतं ना, तू करशी तसंच करानं? तू शिकेल शे. मी म्हनं, मोठा लोकेसनी रीत व्हई!"

मला हसू यायला हवं होतं, पण मी त्यांच्या मिशांवरची डाळ पुसत राहिलो.

पुढे त्याच शाळेत केस पांढरे होईतो फळ्यावर लिहीत आलो. पुष्कळ पोरांनी माझं पाहून गिरवलं. पण इतक्या विश्वासाने आणि एका दमात, एकट्या आबांनीच!