रबराची फुलं बघायला कुरुंद्याला

वसमतहून निघालेली एसटी कुरुंद्याजवळ आली तेव्हा खिडकीतून शिजत्या हळदीचा वास आला. सुनंदा थांब्यावर उभी होती. औरंगाबादला आम्ही वनस्पतिशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. पुढे मी सांगलीला बँकेत लागले आणि ती हिंगोलीच्या कॉलेजात शिकवू लागली. "कळ्या धरल्यात, फुलं बघायला ये," असं तिनंच बोलावलं होतं. आता मात्र एवढंच म्हणाली, "पाऊस झाला गं इकडे."

तिची फुलं म्हणजे डँडेलियन. थंड मुलखातलं, जमिनीला चिकटून वाढणारं पिवळ्या फुलांचं रोप. त्याच्या एका जातीच्या मुळात रबर असतं. केरळातल्या रबराच्या झाडांवर रोग पडला तर काय, या विचारानं ती कित्येक हिवाळे याच्या मागे होती. आपलं ऊन सोसून जगलेली जाड मुळांची रोपं निवडायची आणि त्यांचंच बी पुढच्या हंगामात पेरायचं. सुरुवातीची रोपं दुपारी माना टाकायची. आताची ताठ उभी राहायची.

कुरुंद्यातली घरची शेती बघणारा तिचा भाऊ प्रकाश आम्हाला हळदीपलीकडच्या तुकड्यात घेऊन गेला. अवकाळीचं पाणी अजून सऱ्यांत साचलं होतं. त्यानं खुरप्यानं एक रोप उपटलं. मूळ काळं पडलं होतं, बोटांना बुळबुळीत लागत होतं.

"ताई, चर खांदले, मोटर लावली. पाणी निघूनच नाही राहिलं."

बऱ्याच उकरण्यानंतर एक अर्धं घट्ट मूळ हाती आलं. सुनंदानं ते मोडून माझ्या हातात दिलं. "ओढ." दोन तुकड्यांमध्ये पांढरे बारीक धागे ताणले गेले. रबर! मी हसून वर बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

प्रकाशच्या बायकोनं भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याखाली बसून सुनंदा पहिल्यांदा नीट बोलली. निम्मं बी तिनं सिद्धेश्वर धरणाजवळ मावशीच्या शेतात लावलं होतं. तिथली जमीन उताराची, पाणी थांबत नाही. "तिथलं असेल," ती म्हणाली.

लगेच सिद्धेश्वरला निघालो, पण वाटेत जवळा बाजारला आमची एसटी बंद पडली. आठवडी बाजार होता. चहा पिता पिता सुनंदा मावशीला फोन लावत राहिली. मावशी उचलेना. दुसऱ्या गाडीत आम्ही उभ्यानंच निघालो. धरणाचं निळं पाणी दिसलं तरी तिनं मान वळवली नाही.

मावशी धुऱ्यावर (बांधावर) डोक्याला हात लावून बसली होती. रोपं होती, पण पानं पिळवटलेली, कळ्यांचे देठ गोल वळलेले. शेजारी तरारलेला गहू.

गव्हाचे मालक किसनकाका आमच्याकडे आले. "गव्हात तण लई झालं व्हतं पोरी. तणनाशक मारलं. वारं इकडं वळलं."

"काहून सांगितलं न्हाई काका?" सुनंदानं विचारलं.

"ते बी तणच वाटलं मला. पाया पडतो तुह्या."

"नका काका. तुमी मुद्दाम न्हाई केलं." एवढं बोलून ती सरीतच बसली.

मग मावशी आम्हाला मोटारीच्या खोलीमागे घेऊन गेली. तिथं आडोशाला एक रोप वाचलं होतं. त्याला पिवळंधमक फूल आलं होतं.

"एक तरी राहिलं!" मी म्हणाले.

"एकट्याला बी धरत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग लागतो."

"मुळाचा तुकडा लावला तर?"

"उगवेल. पण ते हेच झाड, दुसरं नाही."

"आणि जुनं बी?"

"वर्षावर ठेवलेलं उगवत नाही गं. सगळं पेरलं होतं."

मावशीनं धरणातल्या माशांचं कालवण केलं होतं. ताटं तशीच उचलली.

सांगलीला परतताना वाटलं, आजवर मी किल्ले, देवळं, धरणं बघत हिंडले. एखाद्याचं काम असं संपताना कधी बघितलं नव्हतं. बघणाऱ्याला करता येण्यासारखं काही नसतं.

काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला. फुलाचा कापूस झाला होता. तिनं एकेक बी नखावर घेऊन दाबून बघितलं होतं.

"सगळं पोकळ," ती म्हणाली.