दुसऱ्याच्या ताटावरचं पथ्य

हैदराबादेत, हिमायतनगरात आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली, तेव्हा घरोघर केबल टीव्ही आणि ‘हृदयाला चांगल्या’ तेलाचे डबे नव्यानंच आले होते. डॉक्टरांनी त्यांची सिगारेट, तूप आणि मटण एका दमात बंद केलं. ते गोळ्या चुकवत नसत. सकाळी झपझप चालून झालं की मला इराण्याच्या हॉटेलात नेत आणि खिमा भरून तळलेली चौकोनी लुकमी, एकच, मागवत, माझ्यासाठी. स्वतः बिनसाखरेचा चहा घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसत.

“कुरकुरीत आहे?”

“हौ.”

“नुसतं हौ नक्को. नीट सांगा.”

मी चावत चावत वर्णन करी. ऐकून तृप्त झाले की म्हणत, “चरबी नळीच्या अस्तरात साठते, मग नळी कडक होते. आता बस करा.” मी मात्र आणखी दोन लुकम्या आणि वर पावाचा गोड डबल का मीठा मागवी.

शेवटी बायपास माझी झाली. बायकोनं दवाखान्यात विचारलं, “यांना खायला कोण घालत होतं?” मी डोळे मिटून घेतले. मला भेटायला आलेले ते म्हणाले, “मीच, वहिनी.” तेव्हापासून आमच्याकडे त्यांना चहासुद्धा नव्हता.

इतक्या वर्षांनी परवा मी तिला खरं सांगितलं. तिनं लगेच त्यांना जेवायला बोलावलं. “बसा, भावजी,” म्हणत आम्हा दोघांना दुधी वाढला आणि स्वतः समोर बसून लुकमी तोडली.

आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, “कुरकुरीत आहे?”