टॉवरचं कुलूप

हेदवाडीच्या शाळेत मी नऊ वर्षं शिकवते. सापगावहून स्कूटीनं फाट्यापर्यंत यायचं, दुकानाच्या पडवीत ती लावायची आणि पुढचे तीन किलोमीटर पायी चढायचं. वाडी शहापूर तालुक्यात, समोरची टेकडी मुरबाडची. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं जीप वर येते. आषाढ लागला की चिखलानं ती वाटही बंद होते.

भगीरथ पारधी याच वाडीतला. पन्नाशीचा, शिडशिडीत, कमी बोलणारा. सगळे त्याला 'टॉवरवाला' म्हणत. वाडीच्या वरच्या माळावर मोबाइल कंपनीनं टॉवर उभारला तेव्हा जागा त्याची होती, म्हणून राखणदारही तोच झाला. बारा वर्षं त्यानं ते काम केलं. लाइट गेली की जनरेटर चालू करायचा, भोवतीचं गवत कापायचं, केबिनमध्ये शिरलेले उंदीर हाकलायचे. पावसाळ्यात डिझेलचे कॅन फाट्यावरून कावडीनं वर न्यायचे. जनरेटरचा आवाज बदलला तर त्याला घरात बसून कळायचं. जेवता जेवता उठून जायचा. त्याची बायको ठमी म्हणायची, "त्या मशीनशीच लगीन लावलं अस्तं तर बरं झालं अस्तं."

टॉवरच्या पाटीवरचं कंपनीचं नाव या काळात तीनदा बदललं. तिसऱ्या कंपनीनं दाराला, टाकीला, बॅटऱ्यांना सेन्सर लावले, जाळीच्या आत कॅमेरा बसवला. कुठल्या तरी दूरच्या शहरात एका खोलीत बसलेल्या माणसांना आता सगळं पडद्यावर दिसणार होतं. राखणदार काढून टाकले, आमच्याकडचाच नाही, सगळीकडचे. भगीरथला ते एसएमएसनं कळवलं, इंग्रजीत. तो फोन घेऊन शाळेत आला. "बाई, काय लिवलंय बघा."

मी वाचून सांगितलं.

"मंग लाइट गेली का मशीन कोण चालू करल?"

"आपोआप चालू होईल म्हणतात."

"आन् डिझेल? ते आपोआप डोंगर चढंल का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं फाट्यावर आलेल्या आदेशच्या हातात किल्ल्या दिल्या. आदेश हा वाशिंदचा मुलगा, कंपनीच्या ठेकेदाराकडे टेक्निशियन. चाळीस टॉवर त्याच्या एकट्याच्या अंगावर.

टाकीत डिझेल होतं तोवर मशीन खरंच आपोआप चालू झालं. पुढच्या वर्षी ते संपलं आणि नवं आलं नाही. आदेश बॅटऱ्या तपासायला आला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, वरून यादी आलीय. ज्या टॉवरवर गिऱ्हाईक कमी, तिथं डिझेल बंद. बॅटरीवर जेवढा टाइम चालंल तेवढा." बॅटऱ्याही जुन्या झालेल्या. लाइट गेली की अर्ध्या तासात रेंज जायची. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दोन-दोन, तीन-तीन दिवस नसते.

त्या दिवसांत रेशनच्या मशीनवर अंगठा लागायचा नाही. बायका सकाळपासून दुकानाच्या ओट्यावर बसायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन उठायच्या. दुकानदार म्हणायचा, मशीननं हो म्हटल्याशिवाय मला तांदूळ देता येत नाही, तसा नियमच आहे. हेही वाडीनं सोसलं.

मग श्रावणात भिमीचं झालं.

भिमी ही भगीरथच्या धाकट्या भावाची, गोमाची बायको. दिवस भरलेले होते. सकाळी पोटात दुखू लागलं, दुपारपर्यंत अंगावरून इतकं गेलं की सुईण उठून उभी राहिली आणि म्हणाली, हे माझ्या हातचं नाय. लाइट आदल्या दिवसापासून नव्हती. वाडीतला एकही फोन लागत नव्हता. गोमा फाट्याकडे पळत सुटला. तिथून त्यानं अँब्युलन्सला फोन केला, तिला फाट्यावर यायला तास लागला. इकडे आम्ही भिमीला झोळीत घालून निघालो होतो. पुढचा बांबू भगीरथच्या खांद्यावर होता. अर्ध्या वाटेत, ओढ्याच्या अलीकडे, ठमीनं झोळीत हात घातला आणि ती मटकन खाली बसली. बाळही गेलं.

अँब्युलन्स फाट्यावर उभी होती. ड्रायव्हर दार उघडून वाट बघत होता.

त्यानंतर भगीरथ रोज माळावर जाऊन बसू लागला. टॉवरच्या जाळीबाहेर, दाराकडे तोंड करून. मी एकदा गेले तर म्हणाला, "बाई, मी कामावर अस्तो ना, तर पंधरा मिन्टात रेंज आणली अस्ती. गोमा पळत होता तेवढ्यात गाडी फाट्यावर आली अस्ती. भिमी माझ्यासमोर गेली आन् माझ्या हातात किल्ली नव्हती."

मी म्हटलं, आपण तक्रार करू. शहापूरला जाऊन मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. यंत्रातली बाई हे दाबा, ते दाबा सांगत राहिली. शेवटी तक्रार नोंदली गेली. चार दिवसांनी मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. त्या दिवशी वाडीत लाइट होती, म्हणून रेंज होती. पडद्यावर बघणाऱ्यांना सगळं ठीक दिसलं असणार.

मग तालुक्याला नेटवर्कबद्दल बैठक होती, तिथं मी आणि भगीरथ गेलो. सरकारची एक योजना होती, जिथं कुठल्याच कंपनीचं नेटवर्क नाही तिथं सरकारी टॉवर द्यायचा. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. नकाशात हेदवाडी हिरवी होती.

"हिरवं म्हणजे नेटवर्क आहे," तो म्हणाला. "त्यामुळं तुमची वाडी यादीत बसत नाही."

"हे हिरवं कोण रंगवतं?" मी विचारलं.

"कंपन्या कळवतात. आम्ही तेच धरतो. दुसरी माहिती आमच्याकडे नाही."

भगीरथ पुढं झाला. तो म्हणाला, "सायब, माझी भावजय त्या हिरव्यातच मेली."

साहेबानं मान खाली घातली. अर्ज ठेवून जा म्हणाला. आम्ही ठेवून आलो.

भाद्रपदात, भिमीला जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास ठमी किंचाळत शाळेच्या अंगणात आली. तिची मुलगी रविना बांधावर गवत कापत होती, पायाला घोणस चावली. रविना एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, नर्सिंगचा फॉर्म भरलेला. तिला घरच्या ओसरीवर आणून ठेवलं तेव्हा घोटा सुजून चकाकत होता. ती शुद्धीत होती. मला म्हणाली, "बाई, घोणसच होती, मी बघितली. लवकर न्या."

लाइट दोन दिवस नव्हती. फोन मेलेले. कोणीतरी पळत फाट्यावर जा, असा गलका झाला. तीन किलोमीटर चिखलातून, मग फोन, मग अँब्युलन्सला यायला तास. भिमीच्या वेळचा हिशेब सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

भगीरथनं ओसरीच्या कोपऱ्यातली पहार उचलली.

"गोमा, झोळी बांध न् तू निघ. पोरीला घेऊन चालू लाग. थांबू नको." मग अनंताकडे वळला. अनंताची भातगिरणी होती, इंजिनावर चालणारी. "अनंता, डिझेल किती हाय?"

"असंल पाच लिटर."

"आण." आणि मला म्हणाला, "बाई, मशीन चालू करायची बॅटरी उतरलेली असणार. शाळेची सोलरची बॅटरी लागंल."

ती शाळेच्या दप्तरी नोंदलेली सरकारी वस्तू होती. मी किल्ली काढून दिली.

भगीरथ आणि अनंतानं बॅटरी बांबूला बांधून माळावर नेली, मी मागोमाग गेले. भगीरथनं पहार कुलपात घातली, पाय रोवला आणि तिसऱ्या हिसक्याला कुलूप तुटलं. आत कुठंतरी अलार्मच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीवर पीं-पीं सुरू झालं. त्यानं तिकडे बघितलंही नाही. डिझेल ओतलं, नळीतली हवा काढली, वायरी जोडल्या. मशीन तीनदा गुरगुरून थांबलं. अनंता म्हणाला, "नाय होत रे." भगीरथ मशीनला शिव्या देऊ लागला. त्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती. मग त्यानं पुन्हा नळी सोडली, अंगठ्यानं दाबली, आणि चौथ्या वेळी जनरेटर सुरू झाला.

"आता दहा-बारा मिन्टं," तो म्हणाला. "वरचं जागं व्हायला तेवढा टाइम लागतो."

आम्ही तिघं फोन हातात धरून उभे. खाली वाटेवर झोळी दिसत होती, दोन माणसं पुढं, दोन मागं, शेजारून ठमी घसरत चाललेली. भगीरथ फोनकडे न बघता झोळीकडे बघत होता. अकराव्या मिनिटाला माझ्या फोनवर एक काडी आली. मग दुसरी. फोन लागला. मी फाट्याचं नाव, घोणस, वय, सगळं सांगितलं. गाडी चाळीस मिनिटांत येते म्हणाले.

"जा, तू पोरीकडं जा," अनंता म्हणाला.

"नाय. गाडीवाल्याचा परत फोन आला तर? डिझेल हाय तोवर हितंच थांबतो."

ड्रायव्हरचा फोन खरंच आला, फाटा चुकला होता. मी रस्ता सांगितला. झोळी आणि अँब्युलन्स पाच मिनिटांच्या अंतरानं फाट्यावर पोहोचल्या. रविनाच्या हिरड्यांतून तेव्हा रक्त यायला लागलं होतं. शहापूरला इंजेक्शनं दिली, तिथून ठाण्याला हलवलं. किडनीवर परिणाम झाला होता. एकोणीस दिवसांनी ती घरी आली. अजून पाय ओढत चालते, लवकर थकते. नर्सिंगचं वर्ष गेलं. पण ती आहे.

चौथ्या दिवशी आदेश आला. भगीरथ ठाण्याहून कपडे न्यायला वाडीत आलेला होता. आदेश ओसरीवर बसला, पाणी घेतलं, पण प्यायला नाही.

"काका, दार तोडल्याच्या अलार्मची नोंद माझ्या नावावर पडलीय, अजून मिटलेली नाय. कॅमेऱ्यात तुम्ही दिसताय. पोलिसांत तक्रार नाय केली तर ते मला कामावरून काढणार."

"पोरगी मेली अस्ती रे."

"मला माहीत आहे, काका."

"त्या खोलीतल्या माणसांना पण दिसलं असंल ना? झोळी चालली होती ती?"

"कॅमेरा जाळीच्या आतलंच बघतो," आदेश म्हणाला.

भगीरथनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "कर तक्रार. तुझं पोट कशाला मारू?"

आदेशला रडू आलं. तो उठून गेला.

पोलीस ठाण्यात भगीरथनं सरळ सांगितलं, कुलूप मी तोडलं. बॅटरी कुणी दिली याचं नाव त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सांगितलं. मला खात्याची नोटीस आली, तिचं उत्तर मी दिलंय, पुढं काय होतं ते बघायचं. भगीरथ कोर्टाच्या तारखांना जातो. पहाटे निघतो, दुपारपर्यंत बाकावर बसतो, पुढची तारीख घेऊन येतो. ठेकेदाराचा माणूस एकदाही हजर नव्हता.

दिवाळीनंतर कच्ची वाट सुकली तेव्हा कंपनीचा ट्रक आला. आम्हाला वाटलं डिझेल आलं. त्यांनी जनरेटर उचलला, बॅटऱ्या काढल्या, वरच्या पेट्याही उतरवल्या. धोक्याची जागा आणि तोट्याची, म्हणून बंद, असं ट्रकबरोबरचा माणूस म्हणाला. आता लाइट असली तरी रेंज नाही. लोखंडाचा सांगाडा तेवढा उभा आहे.

वाडीत काहीजण भगीरथशी बोलेनासे झाले. "निदान लाइट असताना तरी लागायचा फोन," एका म्हातारीनं त्याला तोंडावर सुनावलं. "तुझी पोरगी वाचली, आमच्या पोरींचं काय?" त्यानं ऐकून घेतलं. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. ठमीनं मला बोलावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"म्हातारी खोटं नाय बोलली, बाई," एवढंच म्हणाला.

ग्रामसभेनं ठराव केला की वाडीत कुठलंच नेटवर्क नाही. मी तो घेऊन तालुक्याला गेले. त्याच साहेबानं लॅपटॉप उघडला. हेदवाडी अजून हिरवी होती. त्यानं स्वतःच्या अक्षरात फायलीवर शेरा लिहिला, प्रत्यक्ष पाहणी करावी. पाहणीला अजून कोणी आलेलं नाही.

माघात भगीरथ उठला आणि घरोघर फिरला. वाडीपासून फाट्यापर्यंतच्या वाटेवर, टेकड्यांवर, सुटी सुटी चार घरं आहेत. डोंगरातली माणसं एका टेकडीवरून दुसरीवर हाळी देतात, ती सवय अजून मोडलेली नाही. त्यानं त्या चार घरांना विनवलं. वाडीतून हाळी आली की तुम्ही पुढं द्यायची, शेवटच्या घरातल्यानं फाट्यावर जाऊन फोन करायचा. सापाची वेगळी, बाळंतपणाची वेगळी, अशी हाळी ठरवली. तीन घरं तयार झाली. चौथ्या घरातला जगन उन्हाळ्यात वीटभट्टीवर कामाला जातो, तो म्हणाला, "पावसाळ्यात असंन, उन्हाळ्यात नाय." उन्हाळ्यात त्या टेकडीवर भगीरथ स्वतः बसतो. त्यानं तिथं गवताचं छप्पर घातलंय.

परवा त्यानं खालच्या घराला हाळी दिली, नुसती बघायला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. तो उन्हात उतरून गेला तर घराला कडी होती, माणसं लग्नाला मुरबाडला गेली होती. तिथल्या दगडावर बसून त्यानं फाट्यापर्यंतची वाट डोळ्यांनी मोजली. मग परत चढून आपल्या छपरात येऊन बसला.