प्लंबरकाकांनी ओढा साफ केला

चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला अडलेलं पाणी बघवत नाही. प्लंबरकाका निवृत्त झाले आणि इमारतीमागच्या ओढ्याचं नशीब फुटलं, असं ते आता स्वतःच सांगतात. पाण्यात आडवी पडलेली खोडं, काठावर माजलेलं गवत, मधोमध ठाण मांडून बसलेले धोंडे. काकांच्या लेखी हा सगळा तुंबा होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे न्हाव्याऐवजी प्लंबर होता, एवढाच फरक.

तीन आठवडे ते गुडघाभर पाण्यात राबले. खोडं ओढून काढली, गवत मुळासकट उपटलं, धोंडे काठावर रांगेत मांडले. पाणी सरळ धावू लागलं. सोसायटीचे अध्यक्ष इतके खूश झाले, की दोन्ही काठ सिमेंटने बांधून घ्यायचा अर्जही त्यांनी काकांकडूनच लिहून घेतला. काकांनी सही अशी झोकात ठोकली, की कागद फाटला.

काकूंचे गुडघे गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी हेच त्यांचं बाहेर जाणं. तिथून त्या ओढ्यावरच्या खंड्याला मासे पकडताना बघायच्या आणि त्याचे किती नेम चुकले, ते जेवताना काकांना सांगायच्या. ओढा चकाचक झाला आणि खंड्या यायचा थांबला. जेवताना सांगण्यासारखं काही उरलं नाही. गळका नळ दोन खोल्यांपलीकडून ओळखणाऱ्या काकांना बायको गप्प झालीय हे कळायला पंधरा दिवस लागले.

खालच्या मजल्यावर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहत. काकांनी त्यांना गाठून खंड्याचं विचारलं. बाईंनी त्यांचं मन राखत राखत सांगितलं, की मासे खोडांखाली लपतात, धोंड्यांच्या आडोशाला अंडी घालतात, आणि गवताची मुळं काठाची माती धरून ठेवतात, नाहीतर पाणी गढूळ होतं. मासेच गेले, मग पक्षी कशाला येईल? थोडक्यात, काकांनी माशांचं घर झाडून काढलं होतं, सामानासकट. आता वर सिमेंट पडलं, की मासे परतायची आशाच संपली.

सभेत अर्ज मंजुरीला आला तेव्हा काका उठले.

"हा अर्ज फेटाळा," ते म्हणाले. "लिहिणारा मूर्ख आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखतो."

सगळे हसले. मग काकांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं आणि हसू ओसरलं. अर्ज बारगळला. ओढ्यावर गाड्या आणि रंगाचे ब्रश धुवायचे नाहीत, काठाचं गवत वाढू द्यायचं, असंही ठरलं. दुसऱ्या सकाळी बाईंच्या देखरेखीखाली काका तीच खोडं पुन्हा पाण्यात लोटत होते. मदतीला आलेल्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, आणि मग खोडाला.

दुपारी ओलेचिंब होऊन काका घरी आले. टॉवेल हातात देणाऱ्या काकूंना त्यांनी विचारलं, की खिडकीतून सगळं दिसत होतं, तर मला अडवलं का नाहीस?

"अहो, काम सुटल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच शीळ घालत घरी येत होतात," काकू म्हणाल्या. "म्हटलं, पक्ष्याविना मला करमेल. तुमचं काय झालं असतं?"

काकांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.